अर्धवट बांधलेली जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल विकताना

येझदी, राजदूत, आरएक्स १०० किंवा तशीच एखादी जुनी टू-स्ट्रोक गाडी हौसेने घ्यायची, ती उघडायची, निम्मे काम करायचे आणि मग पैसा, जागा किंवा सवड यांपैकी काहीतरी कमी पडले म्हणून ती विकायला काढायची, असे पुष्कळांच्या बाबतीत होते. अशी गाडी विकणे हे चालू गाडी विकण्याहून वेगळे काम आहे. चालू गाडी घेणारा तिच्यावर बसून पाहतो आणि ठरवतो. अर्धवट बांधलेली गाडी घेणारा मात्र जे दिसत नाही त्याची किंमत मनात वजा करत असतो. इंजिनात काय निघेल, कागद निघतील का, सुटे भाग मिळतील का, या तीन शंकांपायी चांगल्या गाड्याही भंगाराच्या भावाने जातात. मी माझी येझदी विकली तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग नव्या रंगाचा झाला नाही. तो झाला कागदांचा आणि केलेल्या कामाच्या नीट लिहिलेल्या नोंदीचा. म्हणूनच खालील क्रमात कागद आधी आले आहेत. नियमांचा तपशील महाराष्ट्रातील नोंदणी डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे.

१. गाडी कोणाच्या नावावर आहे, ते आधी पाहा

आरसी बुक हातात घ्या आणि मालकाचे नाव, पत्ता, इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, रंग, नोंदणीची मुदत आणि कर्जाची नोंद हे सगळे शांतपणे वाचा. त्यानंतर 'परिवहन' संकेतस्थळावर त्याच क्रमांकाने गाडी सापडते का, ते पाहा. १९८९ पूर्वी नोंदलेल्या, तीन अक्षरी जुन्या क्रमांकाच्या अनेक गाड्यांची माहिती संगणकात चढलेलीच नसते किंवा चुकीची चढलेली असते. अशा वेळी मूळ नोंदणी जिथे झाली त्या आरटीओत अर्ज करून जुन्या रजिस्टरवरून नोंद चढवून घ्यावी लागते. हे काम वेळ खाते, त्यामुळे ते गिऱ्हाईक येण्याच्या आधीच सुरू करा.

गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर ती आधी वारसाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर लागते. 'घरचीच गाडी आहे, सही मी करतो' असे म्हणून मृत व्यक्तीची सही ठोकण्याचा सल्ला देणारे भेटतात. तसे करणे ही सरळसरळ खोटी सही आहे आणि तिचे परिणाम तुम्हाला आणि घेणाऱ्याला दोघांनाही भोगावे लागतात.

कर्जाची नोंद हा आणखी एक अडसर आहे. १९८० च्या दशकात हप्त्यांवर घेतलेल्या गाडीचे कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण बँकेचे नाव आरसीवर तसेच राहते आणि ती बँकही आज त्या नावाने उरलेली नसते. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. अशा वेळी आजच्या बँकेच्या शाखेत जाऊन कर्ज शिल्लक नसल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ वर सही-शिक्का घ्यावा लागतो.

२. रंगाआधी आरटीओपुरते काम पूर्ण करा

खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि म्हैसूरचा येझदीचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. राजदूत ३५० तर त्याच्याही आधी बंद झाली होती. म्हणजे या तिन्हींपैकी सगळ्यात नव्या गाडीचीही पहिली मुदत २०११ च्या सुमारासच संपलेली आहे. तुमच्या गाडीचे नूतनीकरण झालेले नसेल, तर ती दुसऱ्याच्या नावावर होण्याचा मार्ग तिथेच अडतो.

अर्धवट बांधलेल्या गाडीची खरी अडचण इथे आहे. नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरून गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते आणि त्या दिवशी दोन्ही ब्रेक, हेडलाइट, मागचा दिवा, ब्रेक लाइट, हॉर्न, आरसा आणि नंबर प्लेट हे सगळे जागेवर लागते. म्हणून हाताशी थोडेच पैसे उरले असतील, तर ते क्रोम, रंग किंवा सीटच्या कव्हरवर न घालता वायरिंग, ब्रेक लायनर, टायर आणि केबल यांवर घाला. प्राइमर मारलेली, पण नोंदणीची मुदत चालू असलेली गाडी ही चकचकीत पण मुदत संपलेल्या गाडीपेक्षा लवकर आणि चांगल्या किमतीला विकली जाते.

नूतनीकरणाबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो. १५ वर्षांवरील दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील वाहनांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढले. मुदत उलटून गेली असेल तर विलंब शुल्क महिन्यागणिक चढत जाते. त्यामुळे एकूण आकडा संकेतस्थळावर अर्ज भरताना दिसेल तोच खरा धरा, एजंटाने तोंडी सांगितलेला नव्हे.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवणे बंधनकारक झाले आहे. दुचाकीसाठी तिचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी असा आहे. ती नसेल तर आरटीओतील इतर कामे अडू शकतात, म्हणून हे काम आधी उरका.

पीयूसीबद्दल एक गैरसमज आहे की टू-स्ट्रोक गाडी धूर सोडते म्हणून ती पास होतच नाही. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे. कार्बोरेटर नीट जुळवलेला असेल, सायलेन्सरमधली काजळी काढलेली असेल आणि ऑइलचे प्रमाण योग्य असेल, तर निरोगी टू-स्ट्रोक इंजिन या मर्यादेत बसते.

'व्हिंटेज' हा शब्दही जपून वापरा. जुलै २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदता येते. तिचे नोंदणी शुल्क २०,००० रुपये असून ती नोंदणी १० वर्षे चालते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. साठच्या दशकातली जावा या व्याख्येत बसू शकते, आरएक्स १०० बसत नाही. घेणाऱ्याला 'व्हिंटेज नोंदणी करून मिळेल' असे आश्वासन कधीही देऊ नका.

३. चेसिस आणि इंजिन क्रमांक उघडे ठेवा

नाव बदलण्याच्या अर्जाला चेसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट लावावा लागतो. क्रमांकावर कागद धरून त्यावर पेन्सिल घासली की आकडे उमटतात. जुन्या गाड्यांचा हा ठसा बहुधा हँडलखाली, फ्रेमच्या डोक्याच्या नळीवर असतो आणि तो मुळातच फार खोल नसतो. फ्रेमला पावडर कोटिंग करताना त्या जागी पट्टी लावली नसेल, तर जाड थर आकड्यांमध्ये भरतो आणि कागदावर नुसता काळा डाग उमटतो. सँडब्लास्टिंगच्या जोरात आकडे झिजतात, ते आणखी वाईट. थर बसलेला असेल तर तेवढ्याच भागावर रंग काढायचे द्रावण लावून, मऊ ब्रशने हलक्या हाताने तो मोकळा करा. पंच घेऊन आकडे 'पुन्हा उठवून' देणारा कारागीर भेटला, तरी तसे मुळीच करू नका. ठशाशी छेडछाड दिसली की गाडी चोरीची असल्याचा संशय येतो आणि ती जप्तही होऊ शकते.

इंजिनाचे अर्धे केसिंग (बाहेरचे कवच) बदललेले असेल आणि त्यामुळे क्रमांक आरसीशी जुळत नसेल, तर ते लपवू नका. बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर करून घेता येते, पण त्यासाठी त्या इंजिनाचे किंवा केसिंगचे खरेदीचे बिल लागते. बाजारातून बिलाविना उचललेल्या केसिंगची अशी नोंद होणे कठीण असते. रंग बदलला असेल तर तीही नोंद हवी. काळी येझदी लाल केली आणि आरसीवर 'ब्लॅक' राहिले, तर निरीक्षक परत पाठवू शकतो.

४. झालेले आणि राहिलेले काम लिहून काढा

एक वही घ्या आणि इंजिन, गिअरबॉक्स, विद्युत, चाके-ब्रेक, पत्रा-रंग असे भाग पाडून प्रत्येक भागात काय झाले, कोणत्या मालाने झाले आणि काय राहिले ते लिहा. टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत पुढील गोष्टी जाणकार गिऱ्हाईक हमखास विचारतो.

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि पिस्टन कोणत्या मापाचे आहेत? आरएक्स १०० चा मूळ बोअर ५० मिलिमीटरचा असतो. प्रत्येक बोअरिंगला तो साधारणपणे पाव मिलिमीटरने वाढतो आणि वाढवायला मर्यादा असते. पिस्टन शेवटच्या मापाचा असेल, तर पुढच्या वेळी सिलिंडरमध्ये नवा स्लीव्ह (आतली नळी) टाकावा लागणार हे घेणाऱ्याला कळायला हवे.

क्रँक उघडला का, आणि ऑइल सील बदलले का? टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते, म्हणून तिथले सील फोर-स्ट्रोकपेक्षा फार महत्त्वाचे असतात. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले की इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. क्लचच्या बाजूचे गेले की गिअरचे ऑइल ओढले जाऊन पांढरा, दाट धूर येतो आणि गिअरबॉक्समधली पातळी आपोआप उतरत जाते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे सील कडक होऊन तडकतात. ते बदललेले असतील तर जुने सील पिशवीत घालून ठेवा आणि दाखवा. कितीही बोलण्यापेक्षा तो पुरावा बोलका ठरतो.

ऑइल पंप चालू आहे का? आरएक्स १०० मध्ये ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. बरेच मेकॅनिक पंप काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून गाडी चालवायला सांगतात. तुमच्या गाडीत तसे केले असेल आणि ते सांगायचे राहिले, तर नवा मालक भाबडेपणाने पेट्रोल पंपावर साधे पेट्रोल भरील आणि थोड्याच अंतरात पिस्टन जाम होईल. हे आरसीच्या छायाप्रतीवर, टाकीवरच्या चिठ्ठीवर आणि पावतीवर, तिन्ही ठिकाणी लिहा. येझदीत तर सर्वसाधारणपणे पेट्रोलमध्येच ऑइल घालावे लागते, तिथे तुम्ही कोणते प्रमाण वापरता ते लिहून द्या.

टाकीची आतली अवस्थाही तपासा. टॉर्च आत सोडून गंजाचा फोटो घ्या. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलात ओलावा धरून राहतो, जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरची पॅकिंग फुगतात. म्हणून गाडी विक्रीला उभी असताना टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे ठेवा.

सुटे भाग डब्यात भरताना प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावा. बदलून काढलेले मूळ भागही टाकू नका. मूळ कार्बोरेटर, मीटर, कंपनीचा शिक्का असलेली काच किंवा टूलकिट यांना रसिक गिऱ्हाईक नव्या लोकल मालापेक्षा जास्त मान देते. पुण्याच्या नाना पेठेत नवा लोकल माल सहज मिळतो, मूळ जुना माल तसा मिळत नाही.

५. किंमत ठरवणे

आपण केलेल्या खर्चाची बेरीज म्हणजे गाडीची किंमत, ही समजूत सोडून द्या. तुमच्यासारखीच पूर्ण तयार, चालू कागदांची गाडी सध्या काय भावाने प्रत्यक्ष विकली गेली, ते दोन-तीन जाणत्या मेकॅनिकांकडून काढा. जाहिरातीतला मागितलेला भाव आणि हातात पडलेला भाव यांत फार अंतर असते. त्यातून राहिलेल्या कामाचा खर्च वजा करा. तो अंदाजे न धरता गॅरेजमधून लेखी घ्या आणि त्यावर घेणाऱ्याच्या वेळेसाठी व जोखमीसाठी आणखी काही सोडा. उरते ती तुमची वाजवी किंमत. कागद अपुरे असतील तर ती बरीच खाली येते, आणि ते योग्यच आहे.

६. फोटो आणि वर्णन

गाडी धुऊन, सकाळच्या उजेडात, मोकळ्या भिंतीसमोर दोन्ही बाजूंनी फोटो काढा. त्यानंतर वाईट बाजूचे फोटो जवळून काढा: गंजलेला रिम, वाकलेले मडगार्ड, न जोडलेल्या वायरी. गाडी सुरू होत असेल तर रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर किक मारताना न कापलेला व्हिडिओ घ्या आणि सुरुवातीला हात सिलिंडरवर ठेवून ते थंड असल्याचे दाखवा. आरसीचा फोटो देताना पत्ता आणि क्रमांकांचा काही भाग झाका, कारण पूर्ण आरसीचा फोटो वापरून दुसरेच लोक तीच गाडी 'विकतात'.

वर्णन कसे असावे, त्याचा हा नमुना पाहा:

'येझदी रोडकिंग, पुणे नोंदणी, नोंदणीचे नूतनीकरण झालेले, माझ्याच नावावर. इंजिन पूर्ण उघडून क्रँक, बेअरिंग आणि सर्व ऑइल सील नवे. दोन्ही बोअरिंगची बिले आहेत. थंड इंजिन तिसऱ्या-चौथ्या किकला सुरू होते. वायरिंग नवीन, दिवे व हॉर्न चालू. राहिलेले काम: टाकी व साइड बॉक्सचा रंग, मागचा रिम, सीट. उजव्या सायलेन्सरला डाग दिलेला आहे. मूळ मीटर आणि टूलकिट सोबत मिळेल.'

यात 'अप्रतिम', 'शौकिनांनीच फोन करावा' असे काहीच नाही, आणि तरीही नेमक्या माणसाला नेमकी माहिती मिळते.

७. गाडी दाखवणे, विसार आणि पैसे

विमा नसेल तर गाडी रस्त्यावर चालवायला देऊ नका. ती स्टँडवरच सुरू करून दाखवा. विमा असेल आणि घेणाऱ्याला फेरी मारायची असेल, तर त्याचा परवाना पाहा, त्याची छायाप्रत ठेवा आणि शक्यतो स्वतः मागे बसा. येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच असतो, आणि राजदूत ३५० तर अंगावर येणारी गाडी आहे. नवख्याला आधी सगळे समजावून सांगा.

विसार घेतला तर कागदावर लिहा: रक्कम, उरलेली रक्कम कधी देणार, आणि मुदतीत व्यवहार झाला नाही तर विसाराचे काय. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही, आणि चांगल्या राजदूत ३५० चा व्यवहार या मर्यादेला सहज पोहोचू शकतो. पैसे बँकेतूनच घ्या. 'पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' असे कोणी म्हणाले की बोलणे तिथेच थांबवा. पैसे घेण्यासाठी तुम्हाला कोड स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही.

८. नावावर करून देणे

'कोऱ्या फॉर्म २९ (विक्रीची सूचना) आणि फॉर्म ३० (नाव बदलण्याचा अर्ज) वर सही करून द्या, पुढे मी बघतो' म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. अशी गाडी तुमच्याच नावावर हातोहात फिरत राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार, विक्री झाली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक धरला जातो आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. विमा नसलेल्या गाडीच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको.

फॉर्ममध्ये घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख भरल्यानंतरच सही करा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. शक्य असेल तर ऑनलाइन अर्ज दोघांनी एकत्र बसूनच भरा, म्हणजे तुमच्या मोबाइलवर येणारा ओटीपी पुन्हा पुन्हा मागितला जात नाही. गिऱ्हाईक गोव्याचे, बेळगावचे किंवा इंदूरचे असेल, तर फॉर्म २८ वर आधी ना हरकत प्रमाणपत्र काढावे लागते. त्यासाठी गाडीवर थकीत ई-चलन असता कामा नये. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, त्यामुळे तिथल्या गिऱ्हाइकाला चौकशी करूनच पुढे जायला सांगा.

सोबत ठेवायचे कागद असे:

- मूळ आरसी (हरवली असेल तर पोलीस तक्रार आणि फॉर्म २६ वर दुय्यम प्रत)
- चालू विमा आणि पीयूसी
- फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आणि परराज्यासाठी फॉर्म २८
- कर्जाची नोंद असल्यास फॉर्म ३५ व बँकेचे पत्र
- दोघांचे आधार व पॅन कार्ड, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा
- चेसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट
- सुट्या भागांची बिले आणि बोअरिंग-लेथच्या पावत्या
- ताबा पावती, दोन प्रतींत

ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, कारण त्या क्षणानंतरचे चलन किंवा अपघात कोणाच्या हातून झाला, हे दाखवायला तीच उपयोगी पडते. त्याच कागदावर 'गाडी अर्धवट दुरुस्त अवस्थेत, जशी आहे तशी, सोबतच्या यादीसह दिली' असे वाक्य घाला आणि कामाची यादी जोडून दोघांच्या सह्या घ्या. रेल्वे पार्सलने पाठवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि आरसीची प्रत सोबत द्यावी लागते. दिवे आणि मीटर काढून वेगळे बांधा, त्यांना पुन्हा जोड मिळत नाही.

गाडी गेल्यानंतरही काम उरतेच. 'परिवहन' संकेतस्थळावर आरसीची स्थिती दर आठवड्याला पाहा आणि नवे नाव दिसेपर्यंत सर्व प्रती जपा. महिना उलटूनही नाव बदलले नाही, तर फॉर्म २९ ची पोच आणि ताबा पावती जोडून आरटीओला लेखी कळवा आणि त्या अर्जावर आवक क्रमांक घ्या. नाव बदलल्याचे दिसले की त्या पानाची छपाई काढून ताबा पावतीला टाचून ठेवा.